बहिणीच्या वाडीला जायचं कसं

एप्रिल निम्मा सरला की माझा फोन वाजायला लागायचा. पलीकडे कुणी अनोळखी माणूस असायचं, पुण्याचं, ठाण्याचं, एखाद्या वेळी नाशिकचं. "करवंदं, आंबे, फणस खायला यायचंय. जेवणाची सोय होते म्हणे. तुम्हीच का त्या मावशी?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "मी त्यांची मोठी बहीण. त्यांच्या वाडीत रेंज नाही, म्हणून नंबर माझा दिलाय. विचारा काय विचारायचं ते."

मग मी सगळं सांगायचे. मुंबईकडून येत असाल तर महाड ओलांडून पोलादपूरला या. पेट्रोल तिथेच भरून घ्या, वर पंप नाही. महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलात की पुढे कुडपणकडचा फाटा विचारा, आणि घरी काय फोन करायचे असतील ते त्याच्या आधी उरकून घ्या. सकाळी दहाच्या आत पोचा, कारण उन्हं वर आल्यावर झाडाखाली कुणी उभं राहू शकत नाही. करवंदाच्या जाळीत शिरायचं तर पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. आंबा चोखण्याआधी देठाकडचा चीक पिळून टाका, नाहीतर ओठाला फोड येतो. फणसाला हात लावण्याआधी हाताला खोबरेल लावा. आंबे घरी न्यायचे तर पुठ्ठ्याचं खोकं आणा, प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच उबतात. आणि झाडावर दगड मारू नका, प्रत्येक झाडाला मालक असतो.

हे सांगताना माझा आवाज जरा वेगळाच लागायचा. लोक म्हणायचे, "किती छान समजावून सांगता हो. तुमचंही गाव तेच का?" मी हो म्हणायचे. खरं म्हणजे त्या वाडीत मी शेवटचं पाऊल ठेवलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तेही ऐन पावसात, बहिणीच्या सासऱ्यांच्या कार्याला. फळांच्या दिवसांत मी तिथे कधी गेलेच नव्हते.

आम्ही दोघी बहिणी, तीन वर्षांचं अंतर. माहेर महाडजवळच्याच एका गावात. वडील थोडी शेती बघायचे आणि शाळेत शिपाई होते. मी दहावी पास झाले आणि मला बिरवाडीच्या अलीकडचं स्थळ आलं. नवरा कारखान्यात कायम, घरामागे सासऱ्यांनी लावलेली हापूसची चाळीस कलमं, परसात नळ. माझं लग्न झाल्यावर दोन वर्षांनी बहिणीला पोलादपूरच्या वरची वाडी मिळाली. तेव्हा गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच जायची. पुढे तासभर चढ. आई तिला पहिल्यांदा बघून आली तेव्हा तिचे पाय सुजले होते, आणि दोन दिवस ती चुलीपुढे बसून डोळे पुसत होती.

त्या दिवसापासून माझी बहीण माझ्या बोलण्यात कायम 'बिचारी' झाली. शेजारणी विचारायच्या, बहीण कुठे असते? मी म्हणायचे, डोंगरात पडली बिचारी. दिवाळीला मी तिला माझ्या जरा वापरलेल्या साड्या पाठवायचे, माझ्या मुलीची जुनी पुस्तकं पाठवायचे, मे महिन्यात हापूसची एक पेटी पाठवायचे. एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची, फाट्यावर ती उतरवून घ्यायची. पेटी गेली की मला फार बरं वाटायचं. ते बरं वाटणं प्रेमाचं होतं असंच मी धरून चालले होते.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या वाडीपर्यंत रस्ता झाला. पुढच्याच उन्हाळ्यात डोंगरात फिरणारी काही पोरं-पोरी वाट चुकून तिच्या दारात आली. तिने त्यांना नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि घरामागचे रायवळ आंबे वाढले. आमच्याकडे रायवळला कुणी विचारत नाही. कोयीचं झाड, उंच वाढणारं, फळ बारीक, दोरे दातात अडकणार. पण त्या पोरांनी फोटो काढले, ते कुठे कुठे टाकले, आणि पंधरा दिवसांत आणखी दोन गाड्या आल्या. बहिणीची सून बारावी शिकलेली आहे. तिने फाट्यावर पाटी लावली, इंटरनेटवर माहिती टाकली, आणि नंबर कुणाचा द्यायचा असा प्रश्न आला तेव्हा मीच मोठेपणाने म्हटलं, "माझा द्या. मी बोलेन सगळ्यांशी."

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी दर रविवारी गाड्या यायला लागल्या, आणि मला काहीतरी व्हायला लागलं.

नेमकं काय व्हायचं ते सांगते. आमच्या चाळीस कलमांचा आंबा व्यापारी उतरवून नेतो. त्याची माणसं येतात, झेल्यांनी आंबे काढतात, पेट्या भरतात, ट्रक निघून जातो. तो आंबा वाशीला कुणी घेतला, कुणी खाल्ला, त्याला कसा लागला, हे मला कधी कळलं नाही. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने माझ्या झाडाखाली बसून 'वा' म्हटलं नव्हतं. आणि वरती माझी बहीण, जिला सही करायला वेळ लागतो, तिच्याभोवती चार-चार डॉक्टर आणि इंजिनियर मांडी घालून बसायचे. ती प्रत्येक झाडाचं नाव सांगायची. हा खोबऱ्या, हा साखऱ्या, हा शेप्या, याला शेपूचा वास येतो. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. तो मला माझ्याच मुलीने पनवेलहून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आई, मावशीला बघ ना, काय भारी बोलते.'

त्याच मे महिन्यात मुलगी ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन आली. मी आदल्या दिवशी बाग झाडून घेतली होती, कलमांच्या सावलीत सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या. त्या हायवेवरून थेट वर गेल्या. परतताना आमच्याकडे अर्धा तास थांबल्या, तेही दोघींना बाथरूमला जायचं होतं म्हणून. माझ्या पुढ्यात बसून मुलगी सांगत होती की मावशीने फणसाच्या आठळ्या कशा भाजून दिल्या. तिच्या एका मैत्रिणीने दाराशी उभी राहून विचारलं, "काकू, तुमच्याकडे पण आंबे आहेत?" तिच्या डोक्यावर लगडलेली फांदी होती. मी म्हटलं, "आहेत थोडे."

त्यानंतर मी फोनवर एक वाक्य वाढवलं. "एवढं वर जायचं नसेल तर आमचीही बाग आहे, बिरवाडीजवळच. अस्सल हापूस." बरेच जण 'बघू' म्हणायचे. एक कुटुंब खरंच आलं. नवरा-बायको, दोन मुलं. मी त्यांना बाग दाखवली. कलम कसं बांधतात, खत कधी घालतात, फवारणी किती वेळा, मोहोर का गळतो, सगळं सांगितलं. गवतावरून चालू नका, तिथे पाइप आहे म्हटलं. फांदीला लोंबकळू नका म्हटलं. मुलं गाडीत जाऊन बसली. बाई पलीकडे दिसणाऱ्या कारखान्याच्या धुराड्याकडे बघत म्हणाल्या, "खूपच माहिती आहे हो तुम्हाला. बरं, त्या दुसऱ्या मावशींकडे जायला इथून किती वेळ लागेल?"

मी त्यांना रस्ता सांगितला.

संध्याकाळी मी आमच्या ह्यांच्यापुढे धुसफुसत होते. हे रिटायर झालेत, पेपर वाचत बसतात. ते म्हणाले, "तुला माणसं हवीत, का तिच्याकडे माणसं नकोत?" मी उठून आत गेले.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका बाईंनी रविवारचं बारा माणसांचं सांगून ठेवलं होतं. मी तसा निरोप वाडीवर जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर धाडला होता. गुरुवारी त्यांचा पुन्हा फोन आला. बुधवारी खाली थोडा वळीव पडून गेला होता, त्यामुळे त्यांना काळजी वाटत होती.

"रस्ता ठीक आहे ना मावशी? बरोबर वयस्कर माणसं आहेत."

मी खिडकीत उभी होते. बागेतून आंबा उतरवून झाला होता, झाडं रिकामी दिसत होती. मी म्हटलं, "दरड आलीय हो रस्त्यावर. आणि आंबे पण आता संपलेच म्हणा."

हे मी आधीपासून ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. सुधारून घ्यायला अजून वेळ होता, बाई 'अरेरे' म्हणत होत्या तोवर मी म्हणू शकले असते की दरड दुसरीकडे आहे, तुम्ही या. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. वाचवलंत तुम्ही आम्हाला." आणि फोन ठेवला. माझे कान तापले होते. मी वर निरोप पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे फोन आले आणि त्यांनाही मी दरडच सांगितली. दुसऱ्या वेळी ते फार सोपं गेलं.

रविवारी मी दिवसभर कैऱ्या चिरत बसले. लोणचं घालायचं होतं, ते पुढच्या आठवड्यात घातलं तरी चाललं असतं. अकरा वाजले तेव्हा मनात आलं की आता तिची सून ओसरीवर पाट मांडत असेल. एक वाजला तेव्हा वाटलं, आता ती फाट्याच्या दिशेने बघत असेल. माझा हात थांबला नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं पेटी पाठवल्यावर वाटायचं तसलंच होतं. हे मला तेव्हा कळलं, आणि कैरीची फोड हातात धरून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

मंगळवारी सकाळच्या एसटीने बहीण आली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. दोन्हींत पिकलेले रायवळ, इतके पिकलेले की टोपलीतून रस पाझरत होता. ओटीवर बसली, पाणी प्यायली, पदराने मान पुसली.

"दरड कुठं पडलीय गो ताय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कसली दरड?"

"रविवारी दुपारी एक गाडी आली. महाबळेश्वरवरनं उतरत व्हती. त्यातली बाय म्हनली, तुमच्या बहिनीनं फोनवर सांगितलं की रस्त्यावर दरड हाय, आंबे संपले. आम्ही वाटेत जीपवाल्याला इचारलं तर तो हसला. म्हनून आलो." ती माझ्याकडे न बघता टोपलीतला एकेक आंबा वर-खाली करत होती. "मला वाटलं, पडली आसंल कुठं तरी खाली. सुनेला फाट्यापर्यंत धाडली. काय नाय. बारा मानसांचा सैपाक केला व्हता मी. आंब्याची आढी उघडली व्हती. बरका फणस फोडून ठेवला व्हता, त्यावर माशा बसल्या."

मी काहीतरी जुळवायला बघत होते. कुणीतरी मला तसं सांगितलं, माझा घोटाळा झाला, असं काहीतरी. पण ती मान खाली घालून आंबे निवडत होती आणि तिच्या नखांत फणसाचा काळा चीक होता. मी म्हटलं, "मीच खोटं सांगितलं. माझ्या पोटात दुखायला लागलं."

तिने मला कुठे दुखतं असं विचारलं नाही. म्हणाली, "कधीपासून?"

"तुझा रस्ता झाल्यापासून."

तिने टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "माझ्या पोटात तुझ्या लग्नापासून दुखतंय. मी कुनाच्या वाटेत दरड पाडली नाय."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने एवढंच सांगितलं की माझ्या परसातला नळ पहिल्यांदा बघितला तेव्हा ती मुद्दाम तीनदा पाय धुवायला गेली होती. मी पाठवलेल्या साड्या तिने कधी नेसल्या नाहीत, गोधड्यांना लावल्या. हापूसची पेटी आली की तिची मुलं नाचायची, पण तिने इतक्या वर्षांत त्यातली एक फोडसुद्धा तोंडात घातली नाही. "बिचारी म्हनायचीस ना तू मला? मला सगळं कळायचं. माहेरी आली की बाया सांगायच्या."

मी म्हटलं, "जेवून जा."

"नको. साडेअकराची गाडी हाय." पायरी उतरताना ती थांबली. "सुनेला सांगते पाटीवरला नंबर काढायला. आंबे खाऊन टाका, उद्यापर्यंत टिकायचे नायत."

तिच्या सुनेने वाडीच्या वरच्या अंगाला एक कातळ शोधून काढला होता. तिथे सकाळ-संध्याकाळ रेंज मिळते. ती तिथे जाऊन बसायची आणि आलेल्या फोनांना उलट फोन करायची. हे मला जीपवाल्याकडून समजलं.

तिने आणलेले आंबे आम्ही दोघांनी खाल्ले. पाटावर बसून, बादली पुढ्यात घेऊन. मी लहानपणानंतर रायवळ मनापासून खाल्लाच नव्हता. एकाला खरंच शेपूचा वास होता. एक इतका गोड की घसा धरला. रस कोपरापर्यंत ओघळत होता. हे म्हणाले, "हापूसला ही मजा नाही." मला त्या आंब्याचाही राग आला. पण मी आणखी चार खाल्ले.

त्यानंतर माझा फोन थंडावला. जून गेला, पावसाळा गेला. आम्ही दोघी एका लग्नात भेटलो, एका ओळीत जेवलो, भाजी कशी झाली ते बोललो. त्या वर्षी दिवाळीला मी साडी पाठवली नाही. नवी घेऊन पाठवावी असं वाटलं होतं, पण तीही गोधडीत जाईल या विचाराने दुकानातून परत आले.

पुढचा एप्रिल आला. पाटी बदलली तरी जुना नंबर काही लोकांकडे राहिलाच होता. त्यांचे फोन यायचे. मी नवा नंबर सांगायचे आणि ठेवायचे. एक दिवस एका मुलाने फोनवर विचारलं, "मावशी, तिथे चालावं किती लागतं? आईचे गुडघे फार दुखतात."

सवयीने मी सांगितलं, "गाडी खाली लावून अर्धा तास चढ आहे. वाटेत ओढा लागेल, तिथलं पाणी चांगलं आहे, भरून घ्या." तो म्हणाला, "मग आईला नाही आणत." फोन ठेवल्यावर मला वाटलं, खरंच अजून चढ आहे का? रस्ता वाडीपर्यंत झाला म्हणतात, तो कुठपर्यंत? दाराशी, की खालच्या वडापाशी? मला माहीत नव्हतं. दोन उन्हाळे मी लोकांना वाट सांगत होते आणि मलाच ती वाट माहीत नव्हती. मी त्या मुलाला परत फोन लावला आणि म्हटलं, "दोन दिवस थांबा. मी बघून सांगते."

मी निघाले त्या दिवशी रविवार होता. बूट, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, खोबरेलाची बाटली, पुठ्ठ्याचं खोकं, सगळं मीच सांगत आले तसं घेतलं. पोलादपूरच्या स्टँडवर कळलं की मी लोकांना सांगायचे ती वर जाणारी सकाळची एसटी कधीचीच बंद झालीय. जीपमध्ये बसले. ओढा आला तो कोरडा ठणठणीत, एप्रिल-मेमध्ये तिथे थेंब नसतो असं जीपमधली बाई म्हणाली. चढ नव्हताच. जीप थेट बहिणीच्या अंगणात जाऊन थांबली. गुडघे दुखणारी आई आरामात येऊ शकली असती.

अंगणात वीसेक माणसं होती. बहीण त्यांच्यामधून हिंडत होती. तिने मला बघितलं, म्हणाली, "पानी घे, रांजन तिथं हाय," आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून झाडाखालच्या खाटेवर बसवायला गेली. मी पाणी प्याले. कुठे बसावं कळेना. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे विळी आणून ठेवली, शेजारी फणस ठेवला, आणि पाहुण्यांकडे निघून गेली. मी हाताला तेल लावलं आणि फणस फोडायला बसले.

तिथे बसून मी तिला बघत होते. आलेल्या माणसांना ती फारसं काही सांगत नव्हती. विचारत होती. तुमच्या गावाला आंब्याला काय म्हनतात, तुमची आई लोनचं कसं घालायची, ह्या पोरीला करवंदं आवडली का. एका बाईने स्वतःच्या आजोळच्या चिंचेची गोष्ट सुरू केली, तर बहीण हातातलं काम ठेवून ती ऐकत राहिली, जणू तिने चिंचेचं झाड जन्मात बघितलं नव्हतं. मला आमच्या बागेत आलेलं ते कुटुंब आठवलं, गाडीत जाऊन बसलेली मुलं आठवली. माझ्या पोटातलं दुखणं त्या दिवशी जितकं होतं तितकं आधी कधीच नव्हतं. आंब्यावरून, रस्त्यावरून हेवा करणं सोपं होतं, ते नशिबाच्या नावावर टाकता येतं. हे तिच्यात होतं आणि माझ्यात नव्हतं.

एका पाहुणीने गऱ्यांची परात घेताना मला विचारलं, "तुम्ही इथेच कामाला असता का?"

मी म्हटलं, "हो."

चार वाजता गाड्या गेल्या. मग आम्ही दोघी जेवायला बसलो. सूनही होती, सातवा महिना चालू होता तिला, ती भिंतीला टेकून बसली होती. मग मी सांगितलं, गाडी बंद झालीय, ओढा कोरडा आहे, चढ नाही. मी आजवर सगळ्यांना चुकीचं सांगत होते.

बहिणीने घास खाली ठेवला. "म्हंजे तू कधी आलीसच नव्हतीस की उन्हाळ्यात." ती हसायला लागली. "अकरा वरसं? आन लोकांना ओढ्याचं पानी भरायला सांगत व्हतीस?"

सून पण हसली. मला हसू आलं नाही, पण राग नव्हता. मी म्हटलं, "त्या दिवशीचं मला माफ कर."

"माफ कसलं," ती म्हणाली. "त्या साताऱ्याच्या बाया परत आल्याच नायत. तेवढं मात्र राहिलं." आणि तिने मला भात वाढला.

मी जपून विचारलं, "हिला आता जपायला हवं. कातळावर चढायला नको. नंबर माझा देऊ का पुन्हा?"

बहिणीने सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको. माझा पोरगा जाईल कातळावर. नंबर हितलाच राहू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "पन तुझं अक्षर चांगलं हाय. मानसं आली की तेच तेच इचारतात. एक कागद लिहून दे भिंतीवर लावायला."

मी तिथेच बसून लिहिला. जीपच्या वेळा लिहिल्या, त्या सुनेने सांगितल्या. पाणी घरूनच आणा. गाडी अंगणापर्यंत येते. वयस्कर माणसांना जरूर आणा, बसायला खाट आहे. उन्हाच्या अंगाची करवंदं मेच्या मध्यापर्यंत संपतात, पण मागच्या उतरणीला सावलीत महिनाअखेरपर्यंत मिळतात. जांभळं त्यानंतर. रायवळ जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. धुकं उतरायला लागलं की घाटात गाडी घालू नका. एकेक ओळ मी वाचून दाखवायचे आणि ती मान हलवायची, किंवा 'नाय, तसं नाय' म्हणून दुरुस्त करायची.

शेवटी ती म्हणाली, "आनखी एक लिही. जाताना बिरवाडीजवळ आमच्या तायची हापूसची बाग हाय, तिथं थांबा."

माझा हात थांबला. मी तिच्या माणसांना दरड सांगितली होती, आणि ती मला तिची माणसं देत होती. मला तेही सहन झालं नाही. हे आधी तिलाच सुचावं, मला का सुचू नये? मी म्हटलं, "राहू दे गो."

"लिही," ती म्हणाली. "तू ताय हायस म्हनून नाय सांगत. पोरं म्हनतात, हापूस चांगला हाय तुमचा. यंदा पाठव एक पेटी, खाऊन बघते."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन करून सांगितलं की आईला घेऊन जा, चालावं लागत नाही. आणि पेटी भरली. या वेळी कंडक्टरकडे दिली नाही, ह्यांना घेऊन स्वतः पोचती केली.

त्या मे महिन्यात आमच्याकडे तीन गाड्या थांबल्या. पहिल्या माणसांना मी पुन्हा फवारणीचंच सांगत बसले. दुसऱ्या खेपेला जीभ आवरली आणि त्यांच्या म्हातारीला विचारलं, तुमच्याकडे आंबा कुठला. ती कोकणातलीच निघाली. तासभर बसली कलमाखाली. निघताना तिची सून म्हणाली, "आम्ही आत्ता वरूनच आलो, तुमच्या बहिणीकडून. काय बाई आहेत हो त्या."

पोटात कळ आलीच. मी "हो, तशीच आहे ती पहिल्यापासून" म्हटलं, आणि म्हातारीला उठायला हात दिला.